मेडिकल ड्रामाचं रेटिंग वाचायचं कसं

नवीन हॉस्पिटलवाली सिरीज आली की आपण काय करतो, फोन काढतो, टक्के बघतो, 90 दिसले की लावतो आणि 55 दिसले की पुढे सरकतो. मीही कित्येक वर्षं हेच केलं आणि दोन-तीन चांगल्या सिरीज उगाच सोडून दिल्या. मेडिकल ड्रामात तर हा घोळ जास्तच, कारण मार्क देणारे तीन जण असतात, समीक्षक, प्रेक्षक आणि खरे डॉक्टर-नर्स, आणि तिघं तीन वेगळे पेपर तपासत असतात.

आधी रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या साइटचं गणित नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. तिथले टक्के म्हणजे सिरीज किती चांगली ते नाही, किती समीक्षकांना आवडली एवढंच. दहाच्या दहा जण जांभई देत "ठीके, बघायला हरकत नाही" म्हणाले तरी 100 टक्के! आणि पाच जण वेडे झाले, पाच जण वैतागले, तर 50, म्हणजे हिरवा डाग, नापास, कारण पास झाल्याच्या लाल टोमॅटोला किमान 60 लागतात. मला स्वतःला ती 50 वाली सिरीज जास्त खुणावते. म्हणून शेजारी मेटाक्रिटिक ही दुसरी साइट उघडा, तिथे मार्कांची सरासरी असते (सगळ्या समीक्षकांचं वजन सारखं नसतं, पण ते जाऊ दे). टोमॅटो 92 आणि मेटाक्रिटिक 65 दिसलं तर समजायचं, सगळ्यांना बरी वाटली, जीव कुणाचाच जडला नाही.

मग रिव्ह्यूची तारीख बघा. समीक्षकांना बऱ्याचदा सुरुवातीचे थोडेच भाग आधी मिळतात आणि मेडिकल ड्रामाचा पहिला भाग म्हणजे सगळा दारूगोळा एकदम, मोठा अपघात, नव्या डॉक्टरचा पहिला दिवस, कॉरिडॉरमधून धावणारं स्ट्रेचर. दहाव्या भागात काय होणार ते त्यावरून कळत नाही, आणि पुढच्या सीझनवर लिहिणारे समीक्षक तर हळूहळू गळतच जातात.

प्रेक्षकांच्या रेटिंगची गंमत याच्या उलट. आयएमडीबीवर, म्हणजे प्रेक्षक दहापैकी स्टार देतात त्या साइटवर, सिरीजचा एकच आकडा बघू नका, भागांची यादी उघडा आणि स्टारच्या शेजारी मतं किती पडलीत ते बघा. ग्रेज अॅनाटॉमी 2005 पासून चालू आहे, वीसच्या वर सीझन झाले, आता अठराव्या सीझनला स्टार देणारा माणूस आधीचे सतरा पचवून आलाय, तो कशाला वाईट म्हणेल? कंटाळलेले केव्हाच उतरलेत. म्हणून मतांची संख्या जिथे धपकन पडते ना, तिथे काहीतरी बिनसलं असायची शक्यता जास्त. आणि लेखी रिव्ह्यू वाचायचे तर 1 आणि 10 वाले सोडा, 6-7 वाले वाचा.

किती लोकांनी बघितलं हा आकडा मात्र आवडीचा समजू नका. हाऊस 2004 च्या नोव्हेंबरमध्ये आली, पण प्रेक्षक खरे वाढले ते अमेरिकन आयडॉल या तुफान चालणाऱ्या गाण्याच्या स्पर्धेच्या लगेच नंतरची वेळ मिळाल्यावर. तसंच 1994 मध्ये ईआर आणि शिकागो होप, दोन्ही शिकागोतल्या हॉस्पिटलच्या सिरीज, गुरुवारी रात्री एकाच वेळी समोरासमोर लावल्या, ईआर जिंकली आणि शिकागो होपला वार बदलावा लागला. पण म्हणून ती टाकाऊ नव्हती, चांगली सहा सीझन चालली.

आता डॉक्टर लोकांची मतं. माझी एक मैत्रीण आयसीयूत नर्स आहे, तिच्यासोबत सिरीज बघणं म्हणजे शिक्षा, मॉनिटरवर सरळ रेघ आली आणि हिरोने शॉक दिला की ती ओरडतेच, कारण सरळ रेघेवर शॉक देत नाहीत, सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) आणि औषधं देतात. हे नुसतं नाक मुरडणं नाहीये. 1996 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, टीव्हीवर सीपीआर दिलेले सुमारे 75 टक्के पेशंट तेवढ्यापुरते तरी वाचत होते, खऱ्या आयुष्यात आकडा त्याच्या जवळपासही नाही. पण एवढ्यासाठी डॉक्टरांनी शिव्या घातलेली सिरीज सोडायची का? मी नाही सोडत. स्क्रब्ज तर चक्क कॉमेडी आहे, तरी हॉस्पिटलचं वातावरण तिच्यात खरं वाटतं म्हणणारे डॉक्टर बरेच सापडतात.

तक्रार दिसली की कोण करतंय ते आधी बघायचं. द गुड डॉक्टर ही ऑटिझम असलेल्या तरुण सर्जनची सिरीज, तिच्यावर समीक्षक विभागले गेले, प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली, पण ऑटिझम असलेल्या बऱ्याच लोकांना त्यातलं चित्रण खटकलं, आणि त्यांचं म्हणणं मला शंभर स्टारपेक्षा मोलाचं वाटतं. 2023 मध्ये तिच्या जुन्या भागातला "आय अॅम अ सर्जन" वाला सीन मीम होऊन फिरला तेव्हा अख्खी सिरीज न बघितलेले लोकही मत देत होते, असली मतं सरळ बाजूला काढा.

तिघांचं एकमत क्वचितच होतं. 2025 च्या जानेवारीत आलेली द पिट त्यातली, पहिल्या सीझनचे पंधरा भाग, एकाच शिफ्टचे पंधरा तास, ईआरमधलाच नोआ वायली, समीक्षक खूश, प्रेक्षक खूश, इमर्जन्सीवाले डॉक्टर खूश, वर त्याच वर्षी बेस्ट ड्रामाचा एमी, हा टीव्हीचा मोठा पुरस्कार. असं जमून आलं की आकडे बघत बसू नका, लावून टाका.

आणि हो, आयएमडीबीवर कलाकारांच्या यादीत अजिबात शिरू नका, नावापुढे किती भागांत काम केलं ते लिहिलेलं असतं, 331 भागांच्या ईआरमध्ये तुमच्या लाडक्या डॉक्टरपुढे शंभरच दिसले की झालं, पुढचा प्रत्येक भाग तुम्ही "हाच का तो जायचा भाग" करत बघणार.