खानापूरकडे शेती घेणाऱ्यांसाठी बंदुकीविषयी चार गोष्टी

सातारा जिल्ह्यातून कर्नाटकात येऊन, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे शेती घेतल्याला मला अठरा वर्षे झाली. दर वर्षी दिवाळीनंतर पुण्याकडचा कोणीतरी नवा शेजारी होतो आणि घराला कुलूप बसवण्याआधीच विचारतो, "काका, ससे भरपूर दिसतात, कोणती बंदूक घेऊ?"

ससा, रानकोंबडा, तितर यांची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. भीमगड अभयारण्याच्या आतच बंदी असते हा समज चुकीचा असून तुमच्या स्वतःच्या उसातला ससाही त्याच कायद्याखाली येतो. आणि फासा लावणे, हाका घालणे, पक्ष्याची अंडी उचलणे हेही कायद्याच्या भाषेत शिकारच आहे. छर्‍याची लहान एअरगन परवान्याशिवाय मिळते, म्हणून तिने पाखरे मारायला मोकळीक आहे असे पुष्कळांना वाटते. बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ तिने शिकार चालते असा होत नाही. गुन्हा शाबीत झाला तर बंदुकीबरोबर जीपही सरकारजमा होऊ शकते आणि शस्त्र परवाना रद्द होऊन पुढची पाच वर्षे नवा मिळत नाही.

बंदूक हवी असेल तर ती पिकासाठी आणि जिवासाठी. पीकसंरक्षणासाठी शस्त्र कायदा ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीचे नाव घेतो. स्वसंरक्षणासाठी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) एकनळी किंवा दुनळी घ्यावी. माझे मत एकनळीकडे झुकते, कारण ती हलकी असते आणि रात्री घाईत तिचा घोळ कमी होतो. परवाना डीसी कचेरीतून, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून मिळतो. अर्ज कन्नडमध्ये जाणकाराकडून लिहून घ्यावा. तो मराठीत का चालत नाही, हा वाद खिडकीपाशी घालून माझ्या ओळखीच्या तिघांनी प्रत्येकी वर्ष वाया घालवले आहे. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा पावती घेतल्याशिवाय परतू नये.

आता माझी चूक सांगतो. परवान्यावर क्षेत्राचा एक रकाना असतो आणि माझ्या परवान्यात तिथे 'कर्नाटक राज्य' असे लिहिले होते. महाराष्ट्रात चंदगडकडे मेहुण्याच्या काजूबागेत रानडुकरांनी धुडगूस घातला, म्हणून मी दुनळी गोणपाटात गुंडाळून जीपमध्ये टाकली आणि संध्याकाळी निघालो. हद्द ओलांडल्यावर नाक्यावरच्या हवालदाराने टॉर्चच्या उजेडात परवाना वाचला, त्या रकान्यावर बोट ठेवले आणि काही न बोलता गोणपाट उचलून घेतले. दोन पावसाळे बंदूक मालखान्यात पडून राहिली, मी तारखांना हेलपाटे घातले, आणि ती परत आली तेव्हा दोन्ही नळ्यांना आतून तांबूस फोड आले होते. सीमाप्रश्नावर रात्र रात्र बोलणारी आपली माणसे परवान्यातली ही सीमा मात्र विसरतात. रस्ता तोच, बोली तीच, पाहुणे दोन्हीकडे, त्यामुळे हद्द जाणवत नाही. पलीकडे शेत असेल तर बंदूक अलीकडेच ठेवा, किंवा क्षेत्र वाढवून मिळावे यासाठी आधी अर्ज करा.

गवा किंवा डुक्कर पिकात शिरले तरी ते मारण्याची मुभा बंदुकीच्या परवान्यातून मिळत नाही. त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. हवेत बार काढावा, फटाके लावावेत आणि सकाळी खुणा पुसण्याआधी वनरक्षकाला बोलावून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भरपाईचा अर्ज टिकतो. माझ्या इथले जुने शेतकरी बंदुकीपेक्षा पंचनाम्यालाच अधिक मानतात.

काडतुसे कमी घ्यावीत. इकडच्या पावसात कागदी काडतूस फुगते, नळीत अडकते आणि बाहेर काढताना फाटते. मी मृगाआधी ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवतो, आणि बंदूक रिकामी करून नळीत तेलाची चिंधी दर पंधरा दिवसांनी फिरवतो. चिंधी तांबूस निघाली की समजावे, या वेळी पंधरा दिवस फार झाले.