फुटबॉल मॅनेजरमध्ये लोबेरांचा खेळ कसा उभारायचा

फुटबॉल मॅनेजर २०२४ या संगणकावरच्या गेममध्ये चेंडूवर ताबा ठेवणारा संघ बांधायला बसलं की बहुतेकांचा हात आधी दोन सूचनांकडे जातो: पास आखूड, टेम्पो कमी. मग सामन्याअखेरीस ताबा ६४ टक्के दिसतो, गोलच्या दिशेने फटके दोन आणि निकाल ०-१. सेंटर-बॅक एकमेकांना चेंडू देत राहिले, त्याचेच ते ६४ टक्के.

सर्जिओ लोबेरांचा एफसी गोवा असा खेळत नसे. बार्सिलोनाच्या युवा संघांसोबत काम करून आलेल्या या स्पॅनिश प्रशिक्षकाने २०१७ ते २०२० गोव्यात आणि २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीत जे फुटबॉल खेळवलं, त्यात ताबा गोलसाठीच होता. २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळी फेरीत गोव्याने १८ सामन्यांत ४६ गोल केले. शेवटचे काही सामने लोबेरांना हटवल्यानंतरचे असले तरी संघ त्यांनीच घडवलेला होता. पुढच्या मोसमात मुंबई सिटीने लीग शील्ड (साखळी फेरीत अव्वल येण्याचा मान) आणि आयएसएल करंडक असे दोन्ही जिंकले. मागे चेंडू फिरवायचा तो समोरच्याला पुढे ओढण्यासाठी. तो पुढे आला की एका लांब पासने त्याच्या पाठीमागची मोकळी जागा गाठायची. खेळाचे हे दोन वेग गेममध्ये उतरवायचे असतील तर सूचनांना हात लावण्याआधी माणसं जागेवर बसवावी लागतात.

सुरुवात परदेशी खेळाडूंच्या हिशेबाने

नवीन सेव्ह (गेममधली नवी कारकीर्द) सुरू करताना भारताची लीग निवडा आणि संघ हातात आला की आधी स्पर्धेच्या नियमांचं पान उघडा. लोबेरांच्या काळात मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडू चालत. २०२१-२२ मध्ये ही मर्यादा चारवर आली. मुंबई सिटीचा कणा आठवा: बचावात मुर्तदा फॉल आणि एर्नान सांताना, मध्यात अहमद जाहू, त्याच्यापुढे ह्यूगो बुमूस, आघाडीला अॅडम ल फॉन्ड्र किंवा ओग्बेचे. म्हणजे पाच जण. त्यातला एक तुम्हाला कमी करायचा आहे.

कमी करा तो दुसरा सेंटर-बॅक. आघाडीवीर किंवा दहा नंबर (आघाडीवीरामागचा खेळाडू) काढला तर गोल आटतात, जाहूच्या जागेवरचा खेळाडू काढला तर टॅक्टिकच उरत नाही. भारतीय सेंटर-बॅक निवडताना हेडिंग आणि टॅकलिंग पाहून भुलू नका, ते काम फॉलसारखा उंच जोडीदार करेल. याच्याकडे फर्स्ट टच, पासिंग आणि कंपोजर (दबावात शांत राहणं) वीसपैकी निदान १० हवेत. ९ कंपोजरचा बचावपटू सराव सामन्यात छान दिसतो आणि खऱ्या सामन्यात, समोरून दोघे धावून आले की, चेंडू थेट त्यांच्या पायात देतो.

रचना: ४-२-३-१, पण दोन बाजू वेगळ्या

टॅक्टिक रिकाम्या पाटीवरून बनवा. 'टिकी-टाका' किंवा 'कंट्रोल पझेशन' हे तयार साचे घेतले तर त्यांच्याबरोबर अशा पाच-सहा सूचना येतात, ज्या नंतर एकेक करून काढत बसावं लागतं. चार बचावपटूंपुढे दोघे डिफेन्सिव्ह मिडफिल्डच्या ओळीत, त्यांच्यापुढे तिघे आणि एक आघाडीवीर. मेंटॅलिटी पॉझिटिव्ह, म्हणजे थोडी आक्रमक. खाली प्रत्येकाचा रोल (कामाचा प्रकार) आणि ड्युटी (डिफेंड, सपोर्ट किंवा अटॅक) दिली आहे.

गोलरक्षक: स्वीपर कीपर, सपोर्ट.
उजवा बॅक: फुल-बॅक, सपोर्ट.
सेंटर-बॅक: पायाने चांगला असलेला बॉल-प्लेइंग डिफेंडर, दुसरा साधा सेंट्रल डिफेंडर, दोघांची ड्युटी डिफेंड.
डावा बॅक: विंग-बॅक, अटॅक.
मधले दोघे: डाव्या अंगाला डीप-लाइंग प्लेमेकर (मागे राहून खेळ चालवणारा), डिफेंड, उजव्या अंगाला सेगुंडो वोलांते (मागून पुढे धावत जाणारा मिडफिल्डर), सपोर्ट.
उजवी बगल: विंगर, सपोर्ट.
डावी बगल: इनसाइड फॉरवर्ड, अटॅक.
दहा नंबर: अटॅकिंग मिडफिल्डर, अटॅक.
आघाडीवीर: डीप-लाइंग फॉरवर्ड, अटॅक.

डावी बाजू अशी का, ते मंदार राव देसाईकडे पाहून कळतं. मूळचा विंगर, त्याला लोबेरांनी डावा बॅक केलं. तो रेषेला चिकटून वर जाई आणि त्याच्यापुढचा खेळाडू आत वळे. गेममध्ये विंग-बॅक आणि इनसाइड फॉरवर्ड ही जोडी हेच करते: एक बाहेरून, एक आतून. उजवीकडे याच्या उलट. तिथला विंगर रेषेवर एकटा ताटकळत राहिला पाहिजे, कारण लांब पास त्याच्यासाठीच येणार आहे. दोन्हीकडे इनसाइड फॉरवर्ड ठेवले की मैदान अरुंद होतं आणि प्रतिस्पर्ध्याचा बचाव आरामात मधोमध गोळा होतो.

दहा नंबरला अॅडव्हान्स्ड प्लेमेकर करायचा मोह होईल, तो टाळा. बुमूस २०१९-२० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो चेंडू पायात घेऊन बचावावर चालून जाण्याच्या जोरावर. शिवाय गेममध्ये प्लेमेकर रोल लोहचुंबकासारखा असतो, सगळे त्यालाच शोधतात. संघात दोन चुंबक झाले की चेंडू त्या दोघांतच फिरतो आणि उजव्या रेषेवरचा विंगर विसरला जातो.

जाहूची जागा

सगळा खेळ इथे ठरतो, म्हणून इथे घाई करू नका.

जाहू दोन सेंटर-बॅकच्या मधोमध किंवा डावीकडच्याच्या शेजारी उतरून चेंडू मागायचा. हे दिसलं की हाफ-बॅक हा रोल आठवतो आणि नकाशावर तो बरोबरही वाटतो, कारण हाफ-बॅक खरोखर मागे उतरतो. अडचण अशी की तो प्लेमेकर नाही. सहकारी त्याला मुद्दाम चेंडू देत नाहीत, तो जागा भरतो एवढंच. डीप-लाइंग प्लेमेकरचं उलटं: चेंडू त्याच्याकडे येतो, पण तो तितका खोल उतरत नाही.

तोडगा खेळाडूच्या सवयींत आहे. रोल डीप-लाइंग प्लेमेकरच ठेवा आणि 'चेंडू घ्यायला खोल येतो' व 'चेंडू दुसऱ्या बगलेला फिरवतो' या दोन सवयी असलेला खेळाडू शोधा. अंगच्या नसतील तर वैयक्तिक प्रशिक्षणात एका वेळी एक शिकवा, खोल येण्याची आधी. सवय अंगवळणी पडायला काही महिने लागतात आणि वय वाढलेला खेळाडू कधीकधी शिकतच नाही. आकड्यांत पासिंग १३, डिसिजन्स आणि कंपोजर १२, व्हिजन १२ यांच्या खाली जाऊ नका. वेग कमी असला तरी चालेल. त्याला पळायचं नाही, पाहायचं आहे.

टॅक्टिक लागलंय की नाही हे ओळखायला हायलाइट्स 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'वर ठेवून पहिली वीस मिनिटं बघा. गोलरक्षकाने सेंटर-बॅकला दिलं. त्याने प्लेमेकरला, प्लेमेकरने एका स्पर्शात डाव्या विंग-बॅकला. प्रतिस्पर्ध्याचा उजवा विंगर त्याच्यावर धावून आला, मागोमाग त्यांचा अख्खा संघ त्या बाजूला सरकला. चेंडू परत प्लेमेकरकडे. इथे पॉज करा आणि उजव्या रेषेकडे पाहा. तुमचा विंगर तिथे एकटा उभा असेल आणि त्यांचा डावा बॅक पेनल्टी क्षेत्राच्या कोपऱ्यापर्यंत आत आलेला असेल, तर रचना बरोबर बसली आहे. पुढचा लांब तिरका पास चुकला तरी हरकत नाही, तो दहातून चार वेळा पोचला तरी पुरे.

सूचना कमीच द्या

चेंडू आपल्याकडे असताना: पास 'शॉर्टर', त्याखाली नाही. 'प्ले आउट ऑफ डिफेन्स' चालू. टेम्पोला हात लावू नका. पॉझिटिव्ह मेंटॅलिटीत मूळ टेम्पो आधीच थोडा वरचा असतो आणि आखूड पासांबरोबर तो हवा तेवढाच बसतो. रुंदी 'फेअरली वाइड'. 'वर्क बॉल इनटू बॉक्स' बंद ठेवा. ही सूचना फटके आणि क्रॉस दोन्ही रोखते आणि ६४ टक्क्यांच्या निष्फळ ताब्यामागे बहुतेक वेळा तीच असते.

चेंडू सुटल्यावर: 'काउंटर-प्रेस', म्हणजे लगेच दाब टाकून तो परत मिळवायचा. मिळाल्यावर: 'काउंटर', म्हणजे लगेच प्रतिहल्ला. ताब्याच्या संघाला 'काउंटर' कशाला, असं वाटेल. पण समोरचा संघ विस्कळीत असताना थांबायचं हे या खेळात कधीच नव्हतं. गोलरक्षकाने चेंडू सेंटर-बॅककडे द्यावा.

चेंडू त्यांच्याकडे असताना: बचावरेषा 'हायर', प्रेसची सुरुवात 'मिड ब्लॉक'पासून, ट्रिगर प्रेस 'मोअर ऑफन'. आणखी वर जाऊ नका. फॉलच्या प्रकारचा उंच, भक्कम सेंटर-बॅक मागे वळून पळण्यात कमी पडतो आणि आयएसएलमधल्या परदेशी आघाडीवीरांना पाठीमागची जागा बरोबर दिसते. शिवाय उष्ण, दमट संध्याकाळी जोरदार प्रेस केला तर सत्तराव्या मिनिटाला खेळाडूंच्या नावापुढचं हृदयाचं चिन्ह नारिंगी झालेलं दिसेल.

सेट पीसकडे दुर्लक्ष करू नका. जाहूची फ्री किक आणि फॉलचं डोकं हे मुंबईचं मोठं हत्यार होतं. कॉर्नर आणि बाजूच्या फ्री किक प्लेमेकरलाच द्या, उंच सेंटर-बॅकला दूरच्या खांबावर हल्ला करायला लावा, आणि दोन माणसं मागे ठेवा.

पहिले सहा आठवडे

मोसमपूर्व काळात टॅक्टिकची ओळख वाढवणं एवढंच ध्येय ठेवा. आठवड्यात 'मॅच टॅक्टिक्स', 'टीमवर्क' आणि 'प्ले फ्रॉम द बॅक' यांची सत्रं लावा. पहिले तीन मैत्रीपूर्ण सामने दुबळ्या संघांशी घ्या, जेणेकरून चेंडू भरपूर मिळेल. चौथा मात्र जोरदार प्रेस करणाऱ्या संघाशी. त्यात दोन-तीन गोल खाल्लेत तरी चालेल, मागचा कोण गडबडतो ते लीगआधी कळतं. ओळखीच्या पट्ट्या भरेपर्यंत रोल बदलत बसलात तर भरलेलं पुन्हा उतरतं. टॅक्टिकच्या तीन जागांपैकी दुसरीत हीच रचना 'कॉशस' मेंटॅलिटीने आणि डाव्या बॅकला सपोर्ट ड्युटी देऊन साठवा, आघाडी टिकवायला ती लागेल.

काय बिघडतं आणि का

ताबा भरपूर, संधी नाहीत. 'वर्क बॉल इनटू बॉक्स' चुकून चालू राहिलंय का पाहा. नसेल तर वोलांतेची ड्युटी अटॅक करा. पेनल्टी क्षेत्रात उशिरा पोचणारा माणूस कमी पडत असतो.

डाव्या बॅकच्या मागून गोल. हा या रचनेचा अंगभूत धोका आहे. आधी उजव्या फुल-बॅकची ड्युटी डिफेंड करा, म्हणजे मागे तिघे उरतात. डाव्या बॅकला रोखणं हा शेवटचा उपाय, कारण त्याच्याबरोबर डावीकडची सगळी ओढ जाते आणि मग लांब पासालाही अर्थ उरत नाही.

प्लेमेकरला माणूस चिकटवलाय. डेटा हबमधल्या पासांच्या नकाशावर त्याचं वर्तुळ लहान झालेलं दिसेल आणि सेंटर-बॅक थेट बगलेला चेंडू टाकताना दिसतील. मध्यंतरालाच प्लेमेकर आणि वोलांते यांच्या बाजू बदला. चिकटलेला माणूस त्याच्यामागे उजवीकडे गेला तर बॉल-प्लेइंग डिफेंडरला पुढे चालायला वाट मोकळी होते. 'बचावातून चेंडू घेऊन पुढे येतो' ही सवय असलेला बचावपटू अशा वेळी सोन्यासारखा.

मागे चेंडू गमावून गोल. दोन सामने सलग असं झालं तर त्या प्रतिस्पर्ध्यापुरतं 'प्ले आउट ऑफ डिफेन्स' बंद करा आणि गोलकीकचा चेंडू फुल-बॅककडे वळवा. बाकी काही बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन सामने थांबा, नाहीतर कशाने सुधारलं ते कळायला मार्ग नाही.

दुसऱ्या मोसमात समोरचे संघ मागे बसू लागतील. तुमचं नाव झालेलं असतं, आता ते पुढे यायलाच तयार नसतात आणि ओढून आणायला कुणी उरत नाही. अशा सामन्यात टेम्पो एक पायरी वाढवा, बचावरेषा आहे तिथेच ठेवा, आणि उजव्या विंगरला अटॅक ड्युटी देऊन लवकर क्रॉस घालू द्या.

एक तयारी मात्र पहिल्याच मोसमात करून ठेवा. २०२०-२१ चा पहिलाच सामना मुंबई सिटी नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ हरली, आणि त्यात पूर्वार्धातच जाहूला लाल कार्ड मिळालं होतं. मागे राहून खेळ चालवणारा हा खेळाडू प्रतिहल्ले तोडायलाही तोच असतो, त्यामुळे कार्डं त्याच्याच नावावर चढतात आणि तुमच्या सेव्हमध्येही बंदी बहुधा त्यालाच येईल. म्हणून पासिंग चांगलं असलेला एक विशीतला भारतीय मिडफिल्डर हेरा, त्याला डीप-लाइंग प्लेमेकरचं वैयक्तिक प्रशिक्षण लावा, अनुभवी प्लेमेकरच्या मेंटरिंग गटात टाका आणि आघाडी दोन गोलांची झाली की शेवटची वीस मिनिटं त्याला उतरवत जा. टॅक्टिकच्या तिसऱ्या जागेत त्याच्यासाठी हीच रचना ठेवा, फक्त उजवीकडच्या वोलांतेऐवजी डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, डिफेंड ड्युटीचा, म्हणजे नवख्याला शेजारी आधार राहील.