मागच्या चाकाचा हब खडखडू लागला तर

पावसाळ्यात बेळगावजवळच्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला माउंटन बाइक नेणाऱ्याला मागच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, दुखणे आज ना उद्या गाठतेच. ओढा ओलांडताना चाक एक्सलपर्यंत बुडते, तांबड्या मातीचे गढूळ पाणी सीलच्या कडेने आत झिरपते आणि ग्रीसमध्ये मिसळून त्याचा पॉलिश पेपरसारखा घासणारा लगदा होतो. आवाज आला की लगेच पाना हाती घेऊ नये. मागच्या हबमध्ये बेअरिंग, एक्सल (मधला दांडा) आणि फ्रीहब (पेडल थांबवले तरी चाक फिरू देणारा भाग) असे तीन निरनिराळे भाग बिघडू शकतात आणि तिन्हींची लक्षणे वरवर सारखीच वाटतात. म्हणून दोष कुठला, हे आधी ठरवावे.

प्रथम क्विक रिलीज (चाक फ्रेमला आवळणारा खटका) नीट आवळलेला आहे याची खात्री करावी. मग टायर फ्रेमजवळ धरून डावीकडे-उजवीकडे हलवावा. बोटांना बारीकसा ‘टक’ जाणवला, तर बेअरिंग ढिले झालेले आहे. नुसती कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) धरून हलवल्यावर ती किंचित हलली तर मात्र घाबरू नये, कारण फ्रीहबला तेवढी ढिलाई नव्या सायकलीतही असते. त्यानंतर चाक काढून एक्सल दोन बोटांत धरावा आणि अगदी सावकाश फिरवावा. दाताखाली वाळू यावी तशी खरखर लागली तर ग्रीस संपले आहे किंवा आत घाण गेली आहे. ठरावीक जागीच अडखळत असेल तर कोनला किंवा कपला (ज्यांच्यामध्ये छर्रे फिरतात त्या भागांना) खड्डे पडले आहेत. आणि फिरवताना एक्सलचे टोक लहानसे वर्तुळ काढत असेल तर तो वाकला आहे.

चढावर जोर देताच पेडल क्षणभर फुकट फिरत असेल, तर ते कोणत्या गिअरमध्ये होते हे पाहावे. एखाद्याच चक्रावर होत असेल तर दोष बहुधा झिजलेल्या चेनचा किंवा दात्यांचा असतो. सर्व चक्रांवर होत असेल तर फ्रीहबमधल्या खिट्या, ज्यांना कारागीर ‘कुत्रे’ म्हणतात, त्या दात्यांत बसत नाहीत. याउलट, पेडल थांबवताच वरची चेन सैल होऊन लोंबत असेल, तर फ्रीहब जड झाला आहे.

कप-कोनचा हब उघडण्यासाठी चेन लावलेल्या पान्याने कॅसेट धरून तिचा लॉकरिंग सोडवावा. मग डाव्या बाजूचा कोन पातळ पान्याने धरून लॉकनट ढिला करावा. साधा पाना जाड असल्यामुळे तो कोनच्या कडांवर बसत नाही. बहुतेक मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची ९ छर्रे असतात, ते घरंगळून जाऊ नयेत म्हणून खाली ताट ठेवावे. सर्व भाग रॉकेलमध्ये धुऊन पुसावेत आणि कोन उजेडात धरून त्यावरच्या चकचकीत पट्ट्यावरून बॉलपेनचे टोक फिरवावे. जिथे टोक अडखळते तिथे खड्डा आहे आणि असा कोन बदलावाच लागतो. छर्रे स्वस्त असतात, तेव्हा जुने परत बसवण्यात अर्थ नाही. कपलाच खड्डे असतील तर मात्र नव्या हबची तयारी ठेवावी.

खरा कस लागतो तो कोन आवळताना. मी एकदा हब न उघडताच, ढिलाई जावी म्हणून कोन घट्ट केला आणि खानापूरच्या रस्त्यावरील एकाच फेरीत त्याचा पट्टा उखडला. क्विक रिलीज आवळल्यावर पोकळ एक्सल किंचित दाबला जातो आणि बेअरिंग आणखी घट्ट होते. म्हणून चाक हातात असताना केसभर ढिलाई मुद्दाम ठेवावी, चाक बसवून क्विक रिलीज आवळावा आणि ती ढिलाई नाहीशी झाली का ते पाहावे. तीन-चार वेळा काढघाल करावी लागते. त्याचा कंटाळा करू नये, हबचे आयुष्य याच कामावर ठरते.

कार्ट्रिज बेअरिंगच्या (कप-कोनऐवजी अखंड, बंद बेअरिंग असलेल्या) हबमध्ये हे जुळवण्याचे काम बहुधा नसते. सीलवर कोरलेला क्रमांक, उदाहरणार्थ ६९०२ (आतील व्यास १५, बाहेरील २८, जाडी ७ मिमी), वाचून दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेअरिंग मागावे; ते सायकलच्या दुकानात नसले तरी बेळगावच्या उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या भागातील बेअरिंगच्या दुकानात मिळू शकते. बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यावा, आतल्या कड्यावर ठोकल्यास नवे बेअरिंगही तिथेच बिघडते.

फ्रीहबच्या खिट्यांना घट्ट ग्रीस लावू नये, थंडीच्या सकाळी त्या चिकटून बसतात; पातळ तेल किंवा अगदी मऊ ग्रीस पुरते. खिट्यांची टोके गोल झाली असतील तर फ्रीहबच बदलावा, अनेक हबमध्ये तो एक्सल काढल्यावर १० मिमीच्या अ‍ॅलन कीने सुटतो.

दुरुस्तीनंतर पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर टायर पुन्हा हलवून पाहावा, कारण नवे छर्रे जागेवर बसताना थोडी ढिलाई परत येते. आणि चिखल धुताना जोराच्या पाण्याची धार हबवर कधीही मारू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.