पिस्तुलावर रेड डॉट बसवताय? या चुका टाळा

चाळिशी लागली की वाचायला चष्मा घेता येतो. पण हातभर अंतरावरची पिस्तुलाची पुढची साइट (नेम धरण्याची खूण) रेखीव दिसावी आणि त्याच वेळी पलीकडचे लक्ष्यही धड दिसावे, अशी काच काही केल्या जमत नाही. अमेरिकेत राहणारे माझ्या वयाचे अनेक नेमबाज रेड डॉटकडे, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटकडे, वळले ते याच कारणाने, आणि मीही त्यांतलाच एक. ही वस्तू तशी नवी नाही. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट आणली आणि १९९० मध्ये डग केनिग यांनी आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेची जागतिक स्पर्धा डॉट लावलेल्या पिस्तुलाने जिंकली. स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या, मागे-पुढे सरकणाऱ्या भागावर) थेट बसणाऱ्या, काडेपेटीएवढ्या साइट मात्र सर्वसामान्यांच्या हाती आल्या त्या बऱ्याच नंतर, ट्रिजिकॉनची आरएमआर (२००९) आणि साइटसाठी कारखान्यातूनच जागा कोरून येणारी ग्लॉकची एमओएस पिस्तुले (२०१५) बाजारात आल्यावर.

नव्याने डॉट घेतलेल्या माणसाच्या तक्रारी साधारण तीनच असतात: ठिपका सापडत नाही, झीरो (ठिपका आणि गोळी एकाच जागी पडावी अशी जुळवणी) टिकत नाही, ठिपका फाटलेला दिसतो. तिन्हींवर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे साइटचे क्लिक, म्हणजे झीरो जुळवणाऱ्या स्क्रूचे बारीक टप्पे, फिरवत बसणे. क्लिकचा स्क्रू हा सगळ्यांत शेवटी हात लावण्याचा भाग आहे, हे समजायला मला एक अख्खा उन्हाळा आणि काडतुसांच्या बऱ्याच पेट्या खर्च कराव्या लागल्या.

पुढे जाण्याआधी येथील मराठी मंडळींसाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला काही मोजके अपवाद वगळता बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास अमेरिकेचा संघीय कायदा मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना हा त्या अपवादांपैकी एक आहे. आपण यांत कोणत्या गटात मोडतो हे वकिलाकडून समजून घ्यावे आणि मगच साइटच्या खरेदीचा विचार करावा.

बसवणीतली घाई

स्लाइडवर बसलेली साइट प्रत्येक गोळीबरोबर झटक्याने मागे जाते, थांबते आणि पुन्हा पुढे आदळते. हा सगळा मार दोन बारीक स्क्रू सोसतात. त्यामुळे बसवणीत राहिलेली लहानशी कसूरही शंभर-दोनशे गोळ्यांत डोके वर काढते, आणि ती सरळ ‘साइट हलते आहे’ अशा रूपात न दिसता ‘आज माझा नेम बिघडला आहे’ अशा रूपात दिसते, ही तिची खरी अडचण आहे.

सर्वांत आधी साइटचा तळ आणि स्लाइडवरची जागा, किंवा मधली प्लेट, एकमेकांसाठीच बनलेली आहे ना, हे पाहावे. आरएमआर, डेल्टापॉइंट प्रो, आरएमएससी, एक्रो या साइटपैकी प्रत्येकीचा तळ वेगळा असतो आणि ‘थोडे दाबले की बसते’ हे येथे चालत नाही. त्यानंतर स्क्रूंच्या आट्यांवरचे तेल अल्कोहोलने पूर्ण पुसून काढावे, कारण तेलकट आट्यांवर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) धरत नाही. थ्रेडलॉकर निळे वापरावे. लाल वापरले तर पुढे स्क्रू काढताना साइट गरम करण्याची वेळ येते. आवळण्यासाठी टॉर्क (पिळाचा जोर) मोजणारा स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि साइटबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा पाळावा. छोट्या साइटसाठी तो बहुधा १२ ते १५ इंच-पाउंडांच्या दरम्यान असतो, आणि हाताच्या अंदाजाने आवळणारा माणूस हमखास त्याच्या दुप्पट आवळून आटे मारतो.

स्क्रूची लांबी हा आणखी एक सापळा आहे. ग्लॉकच्या एमओएस स्लाइडमध्ये उजव्या बाजूचा स्क्रू गरजेपेक्षा लांब असेल, तर त्याचे टोक एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामे काडतूस बाहेर खेचणाऱ्या आकड्याच्या) प्लंजरच्या वाटेत उतरते आणि रिकामी काडतुसे नीट बाहेर पडेनाशी होतात. अशा वेळी माणूस काडतुसे बदलतो, मॅगझिन बदलतो, स्प्रिंग बदलतो, आणि स्क्रूकडे कोणी पाहत नाही. साइट बसवल्यापासून पिस्तूल अडकू लागले असेल, तर आधी साइट काढून दहा-वीस गोळ्या झाडून पाहाव्यात.

माझी स्वतःची चूक याहूनही साधी होती. निळे थ्रेडलॉकर पूर्ण घट्ट व्हायला सुमारे २४ तास लागतात, आणि मी शनिवारी रात्री साइट बसवून रविवारी सकाळी रेंजवर गेलो. पुढचे तीन रविवार मी दर खेपेस चार क्लिक उजवीकडे, पाच क्लिक डावीकडे असा झीरो सुधारत राहिलो. चौथ्या खेपेस शेजारच्या लेनवरच्या एका वयस्कर गृहस्थांनी, पिस्तूल रिकामे करून दाखवल्यावर, साइट दोन बोटांत धरून हलवली आणि ती हलली. त्यांनी त्याहून अधिक काही म्हटले नाही. तेव्हापासून स्क्रू आवळला की त्याच्या डोक्यावरून तळावर जाणारी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मी मारून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला असे समजावे.

ठिपका शोधत बसणे

सर्वाधिक लोक येथेच अडतात आणि येथेच साइट विकून टाकतात. आयर्न साइट, म्हणजे पिस्तुलाची मूळची धातूची साइट, असताना पिस्तूल किंचित तिरके वर आले, तरी पुढची साइट डोळ्यांना दिसत असते आणि हात आपोआप ती मागच्या खाचेत आणून बसवतो. हा सुधार इतका सवयीचा झालेला असतो की आपण पिस्तूल दर वेळी तिरकेच काढतो हे आपल्या गावीही नसते. डॉटमध्ये ही सवलत नाही. डोळ्यापासून काच साधारण ६० सेंटिमीटरवर असते, त्यामुळे पिस्तूल १ अंशाने कलले की ठिपका काचेवर सुमारे १ सेंटिमीटर सरकतो. आणि बहुतेक साइटची काच दोन-अडीच सेंटिमीटर रुंद व जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर उंच असते. म्हणजे मध्यावरचा ठिपका काचेबाहेर जायला एका अंशाच्या आसपासचा कल पुरतो.

ठिपका दिसला नाही की नवखा माणूस पिस्तूल गोलगोल फिरवतो किंवा मान वर-खाली करतो. दोन्ही गोष्टींनी वेळ जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. ठिपका नेहमी त्याच दिशेला पळालेला असतो जिकडे नळी झुकली आहे. आयर्न साइटवरून आलेल्या बहुतेकांची नळी पिस्तूल पुढे नेताना थोडी वर उचललेली असते, म्हणून त्यांचा ठिपका काचेच्या वरच्या कडेबाहेर असतो. अशा वेळी मनगटातून नळी किंचित खाली दाबली की तो वरून खाली उतरताना दिसतो. त्यातून सवय अशी लावून घ्यावी की पिस्तूल छातीपाशी दोन्ही हातांत आले की तेथूनच ते नजरेच्या रेषेत चढवावे आणि पुढचा प्रवास सरळ करावा, म्हणजे हात पूर्ण लांबण्याआधीच ठिपका काचेत शिरतो. खालून कमान करून वर येणाऱ्या हातांना ठिपका अगदी शेवटी दिसतो, किंवा दिसतच नाही.

याचा सराव रेंजवर करण्यात अर्थ नाही. घरी पिस्तूल रिकामे करावे, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि भक्कम भिंतीकडे तोंड करून उभे राहावे. भिंतीवरच्या एका खुणेकडे पाहून डोळे मिटावेत, पिस्तूल सावकाश पुढे न्यावे आणि मग डोळे उघडावेत. ठिपका कोठे आहे, हे लिहून ठेवावे. सलग दहांपैकी आठ वेळा तो एकाच बाजूला पळालेला आढळला, तर दोष पकडीचा आहे आणि तो पकडीतच सुधारावा. रोज दहा मिनिटे याप्रमाणे मला तीन आठवडे लागले. एक सूचना मात्र करावीशी वाटते: पकडीचा कोन वेगळा असलेली दोन पिस्तुले या काळात आलटून पालटून वापरू नयेत.

ठिपका काचेच्या बरोबर मध्यावर आणण्याची धडपड हीसुद्धा आयर्न साइटचीच सवय आहे. तो काचेच्या कोपऱ्यात असला तरी पिस्तुलाच्या नेहमीच्या अंतरावर गोळी जवळजवळ तेथेच लागते. उंच आयर्न साइट शिल्लक ठेवल्या असतील, तर ठिपका आधी पुढच्या साइटच्या टोकावर ‘बसवून’ मग चाप ओढणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. ते डॉटचे पैसे भरून आयर्न साइटनेच नेम धरत असतात.

नजर कोठे ठेवावी

महाराष्ट्रात १० मीटर एअर पिस्तुलावर शिकलेल्यांना हा बदल सर्वांत जड जातो, आणि तो त्यांचा दोष नाही. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तुलाच्या प्रकारांत फक्त उघडी (आयर्न) साइट चालते, इलेक्ट्रॉनिक डॉटला मनाई आहे. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण मिळवले तेही उघड्या साइटनेच. त्या पद्धतीत पुढची साइट रेखीव आणि लक्ष्य धूसर, हा धडा पहिल्या दिवसापासून घोटून घेतला जातो. डॉटमध्ये नजर लक्ष्यावर रोवायची असते आणि ठिपका आपला आपण त्यावर येऊन पडतो. ठिपक्याकडे पाहू लागलो की लक्ष्य धूसर होते आणि हात मंदावतो.

आपण नेमके कोठे पाहतो, हे ओळखण्याची एक स्वस्त युक्ती आहे. साइटच्या पुढच्या, म्हणजे लक्ष्याकडच्या, काचेवर अपारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरावा. नजर लक्ष्यावर असेल तर एक डोळा लक्ष्य पाहतो, दुसरा ठिपका पाहतो आणि मेंदू दोन्ही एकत्र करून दाखवतो. नजर ठिपक्यावर ओढली गेली की समोर नुसती पट्टी दिसते. या अवस्थेत काहींच्या गोळ्यांचा मार थोडा बाजूला जातो, म्हणून पट्टी लावून झीरो कधीही करू नये.

ठिपक्याची थरथर

हात पूर्वीही तेवढाच थरथरत होता. फक्त आता तो दिसतो. ही थरथर थांबेल म्हणून माणूस वाट पाहतो, ठिपका क्षणभर मध्यावर आला की ‘आता’ म्हणून चाप हिसकतो, आणि उजव्या हाताने झाडणाऱ्याची गोळी खाली-डावीकडे जाते. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या कागदी लक्ष्याचा सर्वाधिक गुणांचा ‘ए’ भाग सुमारे १५ सेंटिमीटर रुंद आणि २८ सेंटिमीटर उंच असतो. ठिपका त्या आयताच्या आत डुलत असेल तर डुलू द्यावा आणि चाप एकसारखा मागे येऊ द्यावा.

ठिपका फाटलेला दिसणे

स्वल्पविराम, द्राक्षाचा घड, फुटलेली चांदणी अशी नाना रूपे लोक सांगतात. साइट परत पाठवण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याने काचेतून ठिपक्याचा फोटो घ्यावा. फोटोत तो गोल असेल तर साइट ठीक आहे, आणि डोळ्याला बहुधा सिलिंडरचा नंबर आहे. चष्मा लावून पाहावे, आणि तेज दोन पायऱ्या खाली आणावे, कारण निम्म्या लोकांचा फाटका ठिपका हा केवळ गरजेपेक्षा प्रखर ठेवलेला ठिपका असतो. आपोआप तेज बदलणाऱ्या साइटचा सेन्सर नेमबाज उभा असतो तेथला उजेड मोजतो. त्यामुळे अंधाऱ्या छपराखालून लख्ख उन्हातल्या लक्ष्याकडे पाहिले की ठिपका विरून जातो. अशा ठिकाणी तेज हातानेच लावावे.

क्लिकला हात लावण्याची वेळ

साइट हलत नाही, ठिपका गोल आहे, नजर लक्ष्यावर आहे, इतके झाल्यावरच झीरो करावा. टेबलावर हात टेकवून, एकाच प्रकारच्या काडतुसांनी पाच गोळ्या झाडाव्यात आणि पाचही भोकांचा मध्य पाहून मगच क्लिक फिरवावेत. दर गोळीमागे क्लिक फिरवणारा माणूस आपल्याच चुकांचा पाठलाग करत असतो. पाच भोके एकत्र असून समूहच सरकला असेल तर काम साइटचे आहे. भोके विखुरली असतील तर काम हाताचे आहे आणि कोणताही क्लिक ते करणार नाही. १ एमओएचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) क्लिक २५ मीटरवर मार सुमारे ७ मिलिमीटर हलवतो, १० मीटरवर फक्त ३. स्क्रूवरचा बाण सहसा गोळीची दिशा दाखवतो, ठिपक्याची नव्हे. मार वर न्यायचा तर काचेत ठिपका खाली सरकतो, हे पाहून गोंधळू नये.

साइट नळीपेक्षा साधारण ३ सेंटिमीटर उंच असते, म्हणून अंतर निवडताना विचार करावा. ९ मिमीच्या नेहमीच्या काडतुसाने २५ मीटरला झीरो केला तर ५ मीटरवर गोळी ठिपक्याच्या सुमारे २ सेंटिमीटर खाली लागते. १० मीटरला केला तर २५ मीटरवर जवळपास ३ सेंटिमीटर वर. दोन्ही चालतात, पण आपला कोणता आहे हे साइटच्या डबीवर लिहून ठेवावे.

किरकोळ पण त्रासदायक

जुने होल्स्टर साइटला आत घेत नसेल तर ते बदलावे, कापून मोठे करू नये. बॅटरी तळाशी असणाऱ्या साइटमध्ये ती बदलताना साइट उतरवावी लागते. मग झीरो पुन्हा तपासावा, आणि हे सगळे वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी करावे, ठिपका विझण्याची वाट पाहू नये. काचेवरची काजळी ओल्या मऊ फडक्याने टिपावी, नळी साफ करण्याचे द्रव तिला लागू देऊ नये. ह्यूस्टनच्या दमट हवेत, एसीच्या गाडीतून उतरताच काच धुक्याने भरते तेव्हा मुंबईच्या जूनमधला चष्मा आठवतो. तेथे धुके न धरणारा लेप उपयोगी पडतो. उघड्या एमिटरवर (ठिपक्याचा प्रकाश सोडणाऱ्या भागावर) पावसाचा एक थेंब बसला की एका ठिपक्याचे दहा होतात. पावसात खेळणाऱ्यांनी एक्रोसारखी बंद साइट घ्यावी.

आणि महिन्यातून एकदा डॉट बंद करून ७ मीटरवर दहा गोळ्या झाडून पाहाव्यात. ठिपका नसताना काचेची चौकटच लक्ष्यावर बसवायची असते, आणि पकड नीट जमली असेल तर दहांपैकी बहुतेक गोळ्या ‘ए’ भागात पडतात.