कार्बनच्या पेटंटला वर्ग कसा द्यावा

पेटंटचा पहिला दावा (अर्जदार नेमक्या कशावर हक्क सांगतो ते वाक्य) उघडा. शीर्षक नको, सारांशही नको. ‘शीर्षकातला शब्द शोधपेटीत टाका, येईल तो वर्ग घ्या’ असं सांगणारे भेटतात. त्यांनी दिलेले वर्ग निस्तरण्यात माझे बरेच दिवस गेले आहेत. शीर्षकात ‘नॅनोकार्बन’ असतं आणि दाव्यात निघतो साधा ग्रॅफाइट.

दावा कार्बनवरच किंवा तो बनवण्याच्या रीतीवर असेल, तर पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात आधी सी०१बी ३२ हा कार्बनचा गट पाहा, तिरप्या रेघेपुढचा आकडा त्यातला उपगट. फुलरीन ३२/१५२, नॅनोट्यूब ३२/१५८, ग्राफीन (ग्रॅफाइटचा सुटा, अतिपातळ थर) ३२/१८२, ग्रॅफाइट ३२/२०, हिरा ३२/२५, सक्रिय कार्बन ३२/३०. जुन्या प्रतींवर ३१ दिसेल. २०१७च्या आवृत्तीत त्याची जागा ३२ने घेतली. कार्बन ब्लॅक मात्र इथे नाही, तो रंगद्रव्यांत, सी०९सी १/४८ला. कार्बन तंतू डी०१एफ ९/१२ला.

इथवर कुणीही येतं. घोळ होतो तो ग्रॅफाइट आणि ग्राफीनच्या सीमेवर.

सुरुवातीला मी एक पेटंट ३२/२३मध्ये, म्हणजे ग्रॅफाइटच्या ऑक्सिडीकरणात टाकलं होतं. वर्णनाची निम्मी पानं आम्ल, परमँगनेट आणि धुण्याच्या पाण्यावर खर्ची पडली होती, मग दुसरं काय असणार! दाव्याची शेवटची ओळ मी वाचलीच नव्हती. तिथे ऑक्साइडचे थर सुटे करून, त्यातला ऑक्सिजन काढून ग्राफीन मिळवलं होतं. त्याची जागा ३२/१९२.

तेव्हापासून एकच बघतो: दावा कुठे थांबतो? थर अजून एकावर एक आहेत आणि ऑक्साइड झालाय, तर ३२/२३. ऑक्साइडचे थर सुटून पातळ पापुद्रे झाले आणि दावा तिथेच संपला, तर ३२/१९८. (ग्राफीन ऑक्साइड शुद्ध कार्बन नव्हे, हे मान्य, पण वर्गीकरणाने त्याला ग्राफीनच्याच पोटात ठेवलंय, वाद घालू नका.) ऑक्साइड न करता ग्रॅफाइटच सोलून ग्राफीन काढलं, तर ३२/१९. थरांत आम्ल शिरवून, तापवून नुसता फुगवला, तर तो ग्रॅफाइटच राहतो: ३२/२२५. ‘फुगवलेला’ आणि ‘सोललेला’ हे शब्द अर्जदार सर्रास अदलाबदल करून वापरतात. शब्दावर जाऊ नका, शेवटी हातात काय येतं ते बघा.

दावा वापरावर असेल तर वापराचा वर्ग पुढे: लिथियम शिरणारा कार्बनचा इलेक्ट्रोड एच०१एम ४/५८७, शोषक बी०१जे २०/२०. मात्र त्यासाठी कार्बन बनवण्याची नवी रीतही दाव्यात असेल तर ३२मधला उपगटही लावा.

बी८२वाय नॅनोसाठी जोडीला द्या, पहिल्या जागी कधीच नाही.