मृत्युपत्र करताना या चुका टाळा

सातबारावर नाव आहे म्हणजे तो गट पूर्णपणे आपलाच, असे गृहीत धरून मृत्युपत्र लिहिणे ही सातारा-सांगलीच्या शेतकरी कुटुंबांत सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. आणि जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर हिंदू वारसा कायदा 1956 च्या कलम 30 नुसार मृत्युपत्राने केवळ स्वतःचा हिस्सा देता येतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मतः सहहिस्सेदार असल्याने, ‘मुलींच्या लग्नात खर्च केला आहे, सबब त्यांचा हक्क उरलेला नाही’ या आपल्याकडील आवडत्या वाक्याने तिचा स्वतःचा हिस्सा नाहीसा होत नाही. स्वकष्टार्जित मिळकत मात्र इच्छेनुसार देता येते. म्हणून खरेदीखते, वाटणीपत्र आणि जुने फेरफार (नावे बदलल्याच्या महसुली नोंदी) काढून कोणती मिळकत कशी आली हे आधी ठरवावे व मगच मजकूर लिहावा. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन) असा शेरा असल्यास हस्तांतरणावरील अटीही आधीच तपासाव्यात.

दुसरी चूक वर्णनातली. गट नंबर आणि क्षेत्र लिहिले जाते, पण सामाईक विहिरीतील हिस्सा, पाण्याची पाळी, पाइपलाइन, शेतात जाण्याची वाट आणि साखर कारखान्याचा शेअर राहून जातो; पुढे भावाभावांत बिनसते ते बहुधा यावरूनच. उरलेल्या सर्व मिळकतीबाबत एक स्वतंत्र कलम नसेल, तर न लिहिलेली मिळकत वारसा कायद्याने जाते, आणि हिंदू पुरुषाच्या बाबतीत पत्नी, मुलगे व मुली यांच्याबरोबर हयात असलेल्या आईलाही समान वाटा मिळतो, याची अनेकांना कल्पना नसते.

साक्षीदारांबाबतचा निष्काळजीपणा तर अख्खे मृत्युपत्र बुडवू शकतो. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्र करणाऱ्याने आपली सही किंवा अंगठा त्यांच्यासमोर करावा, अथवा ती आपलीच असल्याचे त्यांना सांगावे, आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. घरोघरी कागद फिरवून सह्या गोळा करणे धोक्याचे आहे, कारण वाद झाल्यास हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात जबाब द्यावा लागतो. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, सहज सापडणारे आणि मिळकतीत काहीही न मिळणारे असावेत. सुट्टीला गावी आलेला मुंबईकर पाहुणा या कामी नको.

स्टँप पेपरची गरज नाही. नोंदणीही सक्तीची नाही, तरी ती दुय्यम निबंधक कार्यालयात जरूर करावी. मात्र नोंदणीकृत मृत्युपत्रालाही आव्हान देता येते, म्हणून वय झालेले असल्यास त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. ज्याला अधिक मिळणार आहे, त्याने मजकूर तयार करण्यात पुढाकार घेतला की संशयाला जागा मिळते. बँकेत नॉमिनी नेमला म्हणजे काम झाले, हाही गैरसमज आहे. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, पण मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्याची असते.

सही झाल्यावर पेनाने खाडाखोड करू नये. बदल करायचा असेल तर पुरवणी किंवा नवे मृत्युपत्र साक्षीदारांसह करावे आणि नवे केल्यास आधीचे रद्द केल्याचे त्यात तारखेसह नमूद करावे. मूळ प्रत कपाटात ठेवायची नसल्यास ती बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय नोंदणी कायदा 1908 मध्ये आहे.