आधी खुडूक कोंबडी बघा, मग उबवणी यंत्र लावा

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीच्या पोटाखाली कधी हात घातला आहे? वरवरची पिसं बाजूला झाली की बोटांना थेट कातडी लागते. छातीवरची पिसं तिथून गेलेली असतात आणि त्या उघड्या जागेची ऊब सरळ अंड्याला मिळते. कोंबडी गुरगुरते, अंग फुगवते, चोचही मारते, पण जागा सोडत नाही. गेली बरीच वर्षं मी घरी पिल्लं काढते, कधी कोंबडीखाली, कधी यंत्रात. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: जमलं तर आधी एक कोंबडी पूर्ण 21 दिवस बसवा आणि ती काय करते ते रोज बघा. यंत्राच्या माहितीपत्रकातला एकेक आकडा तिच्या त्या बसण्यातूनच आलेला आहे. तो तिथे का आहे हे कळलं की यंत्र चालवायला अर्थ येतो.

अंड्यांपासून सुरुवात करू, कारण अंडं चांगलं नसेल तर पुढे कोंबडीही काही करू शकत नाही आणि यंत्रही. कळपात कोंबडा हवा. साधारण 10 कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा पुरतो. नवा कोंबडा सोडला असेल तर दोन आठवडे जाऊ द्या, मग अंडी जमवायला घ्या. अंडी मध्यम आकाराची, नितळ कवचाची निवडा. फार मोठी, लांबुडकी, खरखरीत किंवा बारीक तडा गेलेली बाजूला काढा. तडा सहज दिसत नाही, म्हणून दोन अंडी एकमेकांवर हलकेच टिचकवून बघते. तडकलेल्याचा आवाज बसका येतो.

जमवलेली अंडी निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवा. 13 ते 18 अंश सेल्सिअस ही उत्तम जागा. रोजचा फ्रिज मात्र नको, तो फार थंड असतो. ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि रोज तो दुसऱ्या बाजूला सरकवा, म्हणजे बलक एका जागी चिकटत नाही. सात दिवसांच्या आतली अंडी सगळ्यात चांगली. त्यापुढे प्रत्येक दिवसाला पिल्लं निघण्याची शक्यता घटत जाते. आणि अंडी धुऊ नका. कवचावर निसर्गानेच एक पातळ थर दिलेला असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. माखलेलं अंडं उबवणीला न घेणंच बरं.

कोंबडी बसवताना

अंडी दिसली म्हणून एखादी कोंबडी तासभर खुराड्यात रेंगाळली, तर ती खुडूक झाली असं समजू नका. खरी खुडूक कोंबडी रात्रीही अंड्यांच्या जागेवरच असते, दांडीवर चढत नाही. उचलून बाहेर ठेवली तर क्लक-क्लक करत, पिसं फुलवून परत तिथेच जाते. तरीही मी दोन-तीन दिवस तिच्याखाली खोटी अंडी ठेवून पारख करते. जातीचाही फरक पडतो. सिल्की कोंबड्या वारंवार खुडूक होतात, तर व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी वाढवलेल्या कोंबड्या क्वचितच बसतात.

बसवायची जागा इतर कोंबड्यांपासून वेगळी, अंधारी आणि शांत हवी. तळाशी माती, वर सुकं गवत किंवा भुसा, आणि मधोमध उथळ खळगा. खळगा खोल झाला तर अंडी एकावर एक चढतात, सपाट राहिला तर कडेची अंडी बाहेर घरंगळतात. कोंबडीला रात्री हलवा. दिवसा हलवली तर बहुतेक वेळा ती जुन्या जागेकडेच धाव घेते. बसवण्याआधी तिच्या पिसांत, विशेषतः शेपटीखाली, उवा आहेत का ते बघा आणि असतील तर आधी उपाय करा. 21 दिवस एका जागी बसणाऱ्या कोंबडीला उवा पोखरून काढतात, आणि त्रास असह्य झाला की ती अंडी सोडून उठते.

मध्यम अंगाच्या कोंबडीखाली 10 ते 12 अंडी बसतात. मोजण्यापेक्षा बघून ठरवा: ती नीट बसल्यावर एकही अंडं बाहेर दिसता कामा नये. कडेला गार पडणारं एक अंडं तिथेच राहत नाही. कोंबडी आतली-बाहेरची अंडी सारखी बदलत असते, त्यामुळे पाळीपाळीने सगळीच गार पडतात. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या कोंबडीने मध्येच येऊन अंडं घातलं तर ते लगेच ओळखून काढता येतं.

दिवसातून एकदा ती उठते, खाते, पाणी पिते, धुळीत लोळते, एक मोठी, फार उग्र वासाची विष्ठा टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. इतक्या वेळाने अंड्यांचं काहीही बिघडत नाही. घाबरून तिला परत कोंबू नका. उलट एखादी उठतच नसेल तर रोज ठरलेल्या वेळी हळूच उचलून दाण्यापाशी ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना हे आधी चाचपा. दाणा मका-ज्वारीसारखा अख्खा द्या.

यंत्रात

कोंबडी एकावेळी तीन कामं करते: ऊब देते, ओल राखते आणि अंडी फिरवते. यंत्राकडून हीच तीन कामं करून घ्यायची आहेत. अंडी ठेवण्याआधी यंत्र किमान 24 तास रिकामं चालवून बघा. ते खोलीत अशा जागी ठेवा जिथे ऊन येत नाही आणि वाऱ्याचा झोत लागत नाही.

पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश सेल्सिअस ठेवतात. पंखा नसेल तर गरम हवा वर साठते, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीवर मोजून 38.3 ते 38.9 ठेवावं लागतं. यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझ्या पहिल्या यंत्रावर 37.5 दिसत होतं, पण आत जवळजवळ एक अंश कमी होतं. 21वा दिवस गेला, 22वा गेला. 23व्या दिवशी चार पिल्लं निघाली आणि त्यातली दोन उभीच राहू शकली नाहीत. त्यानंतर ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आत ठेवून पडद्याशी ताडून पाहिल्याशिवाय मी एकही अंडं ठेवलेलं नाही. उष्णता कमी पडली तर पिल्लं उशिरा निघतात, जास्त झाली तर लवकर निघतात आणि अशक्त असतात. यातही जास्त उष्णता अधिक घातक. तास-दोन तास वीज गेली तर अंडी बहुतेक वेळा तग धरतात, यंत्रावर जाड चादर घाला आणि झाकण उघडू नका. पण 40 अंशांच्या वर थोडा वेळही गेला तरी आतला जीव दगावू शकतो.

इजिप्तमध्ये फार पूर्वीपासून मातीच्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी उबवली जात. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब पारखत. मीही मधूनमधून तसं करते. त्याने आकडा कळत नाही, पण हात-डोळ्यांना ओळख होते.

ओलाव्याचं प्रमाण पहिले 18 दिवस 45 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के. ओल वाढवायची तर भांडं खोल नको, पसरट हवं. पाण्याचा पृष्ठभाग जितका मोठा तितकी वाफ जास्त. ओलावा दाखवणारं मीटर तपासायची सोपी रीत अशी: बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाण्याने नुसतं दमट करा, मीटरसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी 75 टक्के दिसायला हवं. जितका फरक दिसेल तितका लक्षात ठेवून वाचा.

याहून खात्रीची तपासणी वजनाची. उबताना अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडतं आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी वाढते. 18 दिवसांत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्के घटलं पाहिजे. 10 अंडी ठेवताना 600 ग्रॅम भरली असतील तर 18व्या दिवशी ती 522 ते 534 ग्रॅमच्या आसपास हवीत. कमी घटली असतील तर आत ओल जास्त झाली आणि पिल्लाला श्वासाला जागा उरत नाही. मी आठवड्याने वजन करून पाणी कमी-जास्त करते.

अंडी फिरवणं यंत्र आपोआप करत नसेल तर दिवसातून निदान तीनदा, जमल्यास पाचदा हाताने फिरवा. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल अशी पेन्सिलीची खूण केली की चुकत नाही. विषम वेळा फिरवायचं कारण एवढंच की रात्रीचा लांब पल्ला रोज त्याच बाजूवर जाऊ नये. फिरवणं चुकलं तर वाढणारा जीव आतल्या पापुद्र्याला चिकटतो. हात आधी आणि नंतरही साबणाने धुवा.

सातव्या रात्री खोली अंधारी करून अंडी टॉर्चवर पारखा. रुंद टोक प्रकाशाच्या तोंडावर धरलं की आत तांबूस उजेड भरतो. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या असतात आणि मधोमध एक गडद ठिपका असतो. हात स्थिर ठेवून थांबा. तो ठिपका हलतो. मी इतक्या वेळा पाहिलं आहे, तरी तो हलला की अजूनही श्वास रोखला जातो. काहीच नसलेलं, नुसतं पिवळट स्वच्छ अंडं फळलेलं नसतं. शिरा नसून लाल कडं दिसलं तर जीव सुरू होऊन मेला. दोन्ही काढून टाका, नाहीतर नासून फुटतात आणि बाकीची अंडीही खराब करतात. शंका असेल तर मात्र पुन्हा 10व्या दिवशी बघा. गडद तपकिरी कवचात नीट दिसत नाही आणि घाईत चांगलं अंडं फेकलं जातं. कोंबडीखालची अंडीही अशीच रात्री, एकेक करून पारखता येतात.

शेवटचे तीन दिवस

18व्या दिवशी फिरवणं बंद. ओलावा वाढवा, तळाशी खरखरीत कापड किंवा रबरी जाळी पसरा. गुळगुळीत पृष्ठभागावर नवजात पिल्लाचे पाय फाकतात आणि ते नीट उभं राहत नाही. यानंतर झाकण उघडायचं नाही.

हे मी अशा प्रसंगातून शिकले जो मला अजून लागतो. नऊ पिल्लं निघाली होती आणि मी आनंदाने एकेक सुकलं की बाहेर काढत होते. दर वेळी झाकण उघडून आतली वाफ निघून जात होती. तीन अंड्यांना चोचीचं भोक पडलेलं होतं. त्यांचा आतला पापुद्रा कागदासारखा वाळला आणि पिल्लं त्यातच आवळली गेली. एकही वाचलं नाही. आता शेवटचं पिल्लू निघेपर्यंत हात लावत नाही. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू 48 तास सहज राहतं, त्याला दाण्याची घाई नसते.

भोक पडल्यापासून बाहेर यायला 24 तासही लागू शकतात. त्या वेळात ते स्वस्थ पडलेलं दिसतं, पण आत बलक पोटात जात असतो आणि पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आटत असतं. तुम्ही आधीच कवच सोललंत तर त्याच शिरांतून रक्त वाहतं. 24 तासांनंतरही काही पुढे सरकलं नाही तर कोमट पाण्याने पापुद्रा ओला करून अगदी थोडं कवच काढा. लाल शीर दिसली की तिथेच थांबा.

कोंबडीखाली हे सगळं ती सांभाळते. बाहेर यायच्या आधीच पिल्लं अंड्यातून चिवचिवतात आणि ती हलक्या आवाजात उत्तर देते. कान लावा, ऐकू येतं. बहुतेक पिल्लं निघाली की ती एक-दोन दिवसांत त्यांना घेऊन उठते आणि मागे राहिलेली अंडी सोडून देते. अशा वेळी सुरू असलेलं यंत्र उपयोगी पडतं. सोडलेली अंडी टॉर्चवर बघून जिवंत असतील ती लगेच आत ठेवा.

याच कारणाने मी आता दोन्ही एकाच दिवशी लावते: काही अंडी कोंबडीखाली, काही यंत्रात. यंत्रातली पिल्लं स्वतंत्र वाढवायची तर दिव्याखाली पहिल्या आठवड्यात 35 अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी, 18 ते 20 टक्के प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य आणि खडे टाकलेलं उथळ पाणी, म्हणजे कुणी बुडत नाही. दिव्याखाली गोळा झाली तर त्यांना गार वाटतंय, भिंतीला चिकटली आणि धापा टाकू लागली तर गरम होतंय.

पण कोंबडी असेल तर पिल्लं तिलाच द्या. पिल्लं एक-दोन दिवसांची असतानाच, आणि कोंबडीची स्वतःची पिल्लं निघालेल्या रात्रीच. पूर्ण अंधारात, टॉर्च हाताने झाकून, एकेक पिल्लू मागच्या बाजूने तिच्या पंखाखाली सरकवा आणि तेवढंच रिकामं कवच बाहेर काढा. ती गुरगुरेल, पण थोड्या वेळाने अंग पसरून बसेल. पहाटे उजेड होण्याआधी तिथे जाऊन बसा. एखाद्या पिल्लाला ती चोचीने जोरात हाणताना दिसली तर तेवढं लगेच काढून दिव्याखाली ठेवा. पंखांखालून पिल्लं डोकी बाहेर काढत असतील आणि ती खाली बघून हळू आवाज करत असेल, तर पाण्याचं भांडं भरून ठेवा आणि दार लावून घ्या.